शहाण्यांचा गुरुवार

माझी भाची गेल्या वर्षी पैसे भरून एका कार्यशाळेला जाऊन आली. विषय होता, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी स्वतःसाठी वेळ कसा काढावा. कार्यशाळा रविवारी होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे स्वतःसाठी वेळ कसा काढायचा हे शिकण्यात पोरीचा अख्खा रविवार गेला. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि शिकवणाऱ्याच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण त्याचा तो धंदा होता. घरी येऊन तिने मला मोबाइलवर आठवड्याचं वेळापत्रक दाखवलं. कामाचे चौकोन निळे, मीटिंगचे पिवळे आणि मधेच कुठेतरी नैवेद्याएवढा एक हिरवा.

“हा काय?”

“हा बफर, मावशी. हा फक्त माझा वेळ. ब्लॉक करून टाकायचा. कुणालाच द्यायचा नाही.”

“आणि कुणी मागितला तर?”

“मागत नाहीत गं. त्यांना कॅलेंडरवर दिसतं ना, ब्लॉक्ड आहे म्हणून.”

एवढ्यात तिचा फोन वाजला. ती “शुअर, शुअर” म्हणाली आणि माझ्या डोळ्यांदेखत हिरवा चौकोन निळा झाला. मी चष्मा काढून पुसला आणि चहा टाकायला उठले. आमच्या घरी त्या हिरव्या चौकोनाला शहाणे म्हणत. हे शहाणे कोण, ते आज सांगून टाकते.

मी भाषांतरकार. देशाची दारं उघडली आणि परदेशी यंत्रं, गोळ्या, शाम्पू, मिक्सर असं सगळं आत आलं. त्यासोबत त्यांची माहितीपुस्तकंही आली आणि ती मराठीत कुणीतरी करायला हवी होती. ती मी करत असे. पुढे हिंजवडीत शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या कंपन्यांना फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे शब्द मराठीत हवे झाले, तेही मी केले. नोकरी कुणाचीच केली नाही. काम घरी येई, घरून जाई. आधी फ्लॉपीवर, मग मेलवर.

हा धंदा लोकांना टायपिंगचा वाटतो. “दोनच पानं आहेत, इकडचं तिकडे करायचंय फक्त,” असं म्हणणारा माणूस मला दर आठवड्याला भेटे, आणि प्रत्येकाला वाटे की हा विनोद पहिल्यांदा त्यालाच सुचला आहे. खरी गोष्ट अशी की भाषांतर करून झालं की ते एक दिवस बाजूला ठेवावं लागतं. तेव्हा कानात अजून इंग्रजीच घुमत असतं, त्यामुळे आपलं वाक्य कितीही वाकडं असलं तरी आपल्याला सरळच वाटतं. ते शिळं करून वाचलं की त्याचं वाकडेपण दिसतं. हा शिळं होण्याचा दिवस वेळापत्रकात कामाचा म्हणून धरावा लागतो. तो दिवस गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तो पहिल्यांदा कापला जातो.

माझी आई घरी ब्लाउज शिवायची. शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवायची. त्याला माया म्हणतात. बाई पुढेमागे अंगाने भरली तर उसवून ब्लाउज वाढवता येतो. काही बायका कापड वाचवायला सांगत, “माया नको ठेवू हो, घट्टच शिव.” वर्षाने त्याच बाया परत येत आणि आईवर चिडत. मला ज्या गिऱ्हाइकांनी आयुष्यभर छळलं ती सगळी या बायकांचीच मुलं असावीत असा मला दाट संशय आहे.

माझ्या आठवड्यातली माया म्हणजे गुरुवार. तो मी निवडला नव्हता. गुरुवारी आमच्या भागातली वीज दिवसभर बंद असायची, त्यामुळे कॉम्प्युटर बंद. आणि आमचे हे हडपसरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, त्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच. वीज नाही, यंत्र नाही, म्हणून नवरा घरी आणि बायको मोकळी. सगळं जग रविवारी फिरायला जाऊन एकमेकांच्या अंगावर पडत असे तेव्हा आम्ही आपापल्या कामाला असू, आणि गुरुवारी पुणं आमचं असे. करायचो काय? काही नाही. यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण साबुदाण्याच्या खिचडीवर अढळ होता. तेवढ्यासाठी ते गुरुवारचा उपास करत. खिचडी तेच करत, मोकळी, दाणा न् दाणा सुटा. खाऊन झाली की बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून बसायचो. ते जुन्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत आणि अडलं की मला विचारत. मी सांगितलेला शब्द बरोबर निघाला की त्यांना राग येई.

लोकांना हे बघवत नसे. मराठीत मोकळं आणि रिकामं यांत फरक आहे. मोकळं घर हवेशीर असतं, रिकामं घर भाड्याने द्यायचं असतं. माझा मोकळा वेळ लोकांना रिकामा दिसे, आणि पुण्यात रिकामी जागा दिसली की माणूस तिथे गाडी लावतो. “तुम्ही काय, घरीच असता,” असं म्हणून अर्धी सोसायटी आपले गॅसचे सिलिंडर माझ्या दारात उतरवायची. सेक्रेटरींना टाकी साफ करणाऱ्याला किल्ली द्यायची असे, ती माझ्याकडे. गुरुवारी आम्ही दोघं बाल्कनीत दिसलो की खालून हमखास प्रश्न येई, “काय, आज निवांत?” त्या निवांतमध्ये इतका आरोप भरलेला असे की चोरी करताना सापडल्यासारखं वाटावं.

गिऱ्हाइकांचं मात्र विजेपुढे काही चालत नसे. “गुरुवारी लाइट नसते,” म्हटलं की हिंजवडीचा मोठ्यात मोठा साहेबही मुकाट फोन ठेवी. पण पुढे गुरुवारची वीज जायची बंद झाली. सगळ्या पुण्याने आनंद केला. मी एकटीच सुतकात बसले.

पहिल्याच गुरुवारी फोन आला. फोन करणारा राहुल गावंडे, हिंजवडीच्या एका कंपनीतला माझा समन्वयक. मूळचा अमरावतीकडचा, हुशार आणि कायम धापा टाकत बोलणारा. बिचाऱ्याचं काम एवढंच की वरून आलेली घाई माझ्यापर्यंत पोचवायची.

“मॅडम, फाईल पाठवली. आज संध्याकाळपर्यंत द्या ना, प्लीज.”

“गुरुवारी मी काम करत नाही.”

“का बरं? तब्येत ठीक नाही का?”

“उत्तम आहे.”

“गावाला चालल्या का?”

“घरीच आहे.”

“मग?” गावंडेला खरोखरच काही कळेना. तब्येत चांगली असलेली, घरीच असलेली बाई काम का करणार नाही, याचं कारण त्याच्या कंपनीने त्याला कधी शिकवलंच नव्हतं. मी आजारी आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. मेले म्हटलं असतं तरी शुक्रवारी देता का म्हणाला असता. नुसती बसणार आहे, हे मात्र चालण्यासारखं नव्हतं.

बाल्कनीतून यांचा आवाज आला, “अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! सांग त्याला, आज शहाण्यांचं काम आहे.”

आणि मी फोनवर सांगून टाकलं, “गुरुवारी माझं शहाण्यांचं काम असतं.”

“ओह, दुसरा क्लायंट आहे!” गावंडेचा जीव भांड्यात पडला. “असं सांगा ना मॅडम. मग उद्या सकाळी चालेल.”

इतकं सोपं होतं ते. माझ्या वेळेवर माझा हक्क कुणी मानत नव्हतं, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हक्क लगेच मानला. एकाने ताब्यात घेतलेली जागा तेवढी दुसऱ्याला कळते. त्या दिवसापासून दर गुरुवार मी शहाण्यांच्या नावावर केला. नातेवाइकांना सांगितलं, सेक्रेटरींना सांगितलं. सिलिंडर शेजारच्या दारात उतरू लागले.

शहाणे हळूहळू मोठे होत गेले. गावंडे विचारी, “कशातलं काम असतं हो त्यांचं?” मी म्हणे, “गोपनीय आहे.” यावर त्याचा आदर आणखी वाढे. मग मला चटक लागली. शुक्रवारी फाईल मागून सोमवारी तीच पुन्हा बदलून पाठवली की मी थंडपणे सांगे, “शहाणे असं करत नाहीत.” “शहाणे आधी विचारतात, मग पाठवतात.” “शहाण्यांनी आजवर एकदाही अर्जंट हा शब्द वापरलेला नाही.” हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत माझ्या न जन्मलेल्या गिऱ्हाइकाचा दरारा बसला. मला त्याचं भारी समाधान होतं, अजूनही आहे.

एका गुरुवारी मी आंघोळीला गेले होते आणि घरचा फोन वाजला. यांनी उचलला आणि शांतपणे म्हणाले, “शहाणे.”

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं, तेही तीन-चारदा. गावंडे क्षणभर अडखळला आणि म्हणाला, “सर, नमस्कार सर. मॅडम आहेत का? फक्त दोन मिनिटं हवी होती.”

“आमच्याकडे दोन मिनिटं मिळत नाहीत,” हे म्हणाले. “अख्खा गुरुवार असतो. ठेवू?”

शुक्रवारी गावंडे भारावून गेलेला. “मॅडम, ते स्वतः येऊन बसतात? दिवसभर?”

“दिवसभर.”

“फारच टेरर माणूस आहे हो.”

“मला विचारा,” मी म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत एकच माणूस असा होता की ज्याच्यासाठी शहाण्यांची गरज पडली नाही. मार्केट यार्डातले बाबूशेठ, कांद्याचे अडते. त्यांची परदेशी कागदपत्रं मी मराठीत करून देई. त्यांना पहिल्याच भेटीत म्हटलं, गुरुवारी मी बंद असते. ते म्हणाले, “मग बरोबर हाय की. आमचा शनिवारी बंद, तुमचा गुरुवारी. बंद म्हंजे बंद. त्यात इचारायचं काय?” आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवणं हे धंद्याचं नाही, वेड्याचं लक्षण आहे, हे ज्याच्या आडतीच्या गाळ्याला शटर असतं त्याला कळतं. लॅपटॉपला शटर नसतं, तिथेच सगळी गोची आहे.

मग हडपसरचा कारखाना बंद झाला. जागा विकली गेली, त्यावर आता आयटी पार्क उभं आहे. आत काय चालतं ते आत बसलेल्यांनाही नीट सांगता येत नाही. यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा हा शब्द त्यात कुणी घातला कोण जाणे. भाषांतरकार म्हणून मला तो चुकीचा वाटतो. घर आता माझ्या एकटीच्या कामावर चालणार होतं, आणि नेमकं तेव्हाच गावंडेने मला हिंजवडीला बोलावून घेतलं. जाताना कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेत माझी रिक्षा इतकी रखडली की तेवढ्यात एखादं छोटं माहितीपुस्तक करून झालं असतं.

गावंडेने पुढ्यात करार ठेवला. वर्षभराचं काम, दर महिन्याला ठरलेले पैसे. अट एकच, सोमवार ते शुक्रवार मी फक्त त्यांची.

“वरून आलंय मॅडम,” तो हळूच म्हणाला. “बाकी सगळं ॲडजस्ट होईल. फक्त एक शहाणे सोडा.”

“विचार करून सांगते.”

“मॅडम, चांगली ऑफर आहे. असं नका करू बाप्पा. मी भांडून आणली तुमच्यासाठी.” तो खरंच भांडला होता. त्याचे डोळे लाल होते, टेबलावर दुपारचा डबा न उघडता पडला होता. त्याच्या दिवसात डबा खायलाही माया राहिलेली नव्हती.

घरी येऊन मी यांना सांगितलं. मनातून माझं ठरलं होतं. गुरुवार आता कशाला हवा होता? यांना रोजच सुट्टी. माझा गुरुवार गेला म्हणून आभाळ कोसळणार नव्हतं. मी तसं म्हणाले.

हे खिडकीशी उभे होते. कारखाना सुटल्यापासून त्यांच्या बोटांना काम नव्हतं, म्हणून ते कायम काहीतरी चाचपत असत. तेव्हा खिडकीची कडी चालली होती. “ही बघ,” ते म्हणाले. “जरा ढिली आहे म्हणून लागते आणि उघडते. दोन भाग एकमेकांत अगदी घट्ट बसवले की आधी तापतात आणि मग जाम होतात. मी तीस वर्षं दुसरं काय केलं? मोकळीक मोजली.”

“पण तुम्ही तर आता रोजच घरी असता.”

“माझं सोड. माझे सातही वार गुरुवारच झाले, मला त्याची चव राहिली नाही. तुझा एक आहे.” मग कडी सोडून माझ्याकडे न बघता म्हणाले, “आणि तू समोर बसलीस तरच तो गुरुवार असतो. नाहीतर नुसता वार.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं वाक्य यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मी गावंडेला नकार कळवला. शहाणे सोडणार नाहीत, म्हटलं.

वर्ष वाईट गेलं. मी लग्नपत्रिका केल्या, पतपेढ्यांचे अहवाल केले, एका सोसायटीची नियमावली केली, तीत पार्किंगवरच अकरा कलमं होती. जाऊबाई म्हणाल्या, “एका शहाण्यांसाठी एवढी मोठी कंपनी सोडलीस? वेडी आहेस.” मी म्हटलं, “हो.”

आणि मग वॉशिंग मशीनचं ते माहितीपुस्तक निघालं. माझं काम कंपनीने बाहेरगावच्या एका एजन्सीला दिलं होतं. ती सातही दिवस, चोवीस तास उपलब्ध होती. त्यांनी सगळं एका दमात करून दिलं, शिळं करून कुणी वाचलंच नाही. लहान मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून यंत्राला एक कुलूप असतं, इंग्रजीत चाइल्ड लॉक. छापील पुस्तकात मराठी असं होतं: “हे बटण दाबून धरल्यास मूल बंद होते. पुन्हा दाबल्यास मूल चालू होते.” मला ते बाबूशेठनी दाखवलं, त्यांच्या सुनेने मशीन घेतलं होतं. त्यांना नातवासाठी तसलं बटण खरोखरच हवं होतं.

पुढच्या महिन्यात गावंडेचा मेल आला. नवीन करार. त्याने स्वतःच वर लिहिलं होतं, गुरुवार सोडून.

त्यानंतर बरीच वर्षं बरं चाललं. गावंडे चढत चढत वरच्या खुर्चीवर गेला. आता घाई त्याच्याकडूनच सुरू व्हायची. बोलण्यातली अमरावती गेली, तिच्या जागी असलं इंग्रजी आलं की त्याचं भाषांतर करायला शहाणेही बसले नसते. पण गुरुवारी त्याने कधी फोन केला नाही.

हे गेले, ते सोमवारी. सकाळी चहा मागितला आणि मी आणेपर्यंत खुर्चीतच. गुरुवार त्यांनी मोडला नाही. मी लोकांत रडले नाही, मला ते जमत नाही. पण त्यानंतर एकच विचार डोक्यात घर करून बसला. माणूस सातही दिवस शेजारच्या खोलीत होता, आणि त्यातला एक राखला म्हणून मी केवढी मिरवत होते. बाकीचे सहा मी मिक्सरच्या आणि शाम्पूच्या माहितीपत्रकांना दिले.

यांचे दिवस झाले आणि गावंडेचा फोन आला. फाईल अडली होती. माझ्या तोंडून “हे गेले” निघेना. शेवटी जे तोंडात बसलेलं होतं तेच आलं.

“गावंडे, शहाणे गेले.”

“अरे अरे. व्हेरी सॉरी मॅडम.” त्याने एक श्वास घेतला. एकच. “म्हणजे आता गुरुवार मोकळा झाला ना तुमचा?”

इतक्या वर्षांत गावंडेवर मी चिडले होते, हसले होते, त्याची कीवही केली होती. त्या दिवशी मात्र मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही. समोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अर्धं सोडवलेलं शब्दकोडं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “शहाण्यांचं काम आता मी बघते.”

“हो, हो, ऑफ कोर्स.” तो जरा ओशाळला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्याने त्याचा जुनाच प्रश्न विचारला. “पण मॅडम, आता तर सांगा. त्यांचं नेमकं काम तरी काय होतं हो?”

“शेजारी बसायचं,” मी म्हणाले.

खूप वर्षांनी पलीकडून त्याचा मूळचा आवाज आला. “म्हणजे मॅडम... फोनवर जे शहाणे बोलले होते, ते...”

“हो. आमचे हे.”

फोन त्याने ठेवला की मी, ते आठवत नाही. त्या आठवड्याची फाईल गुरुवार सोडून शुक्रवारी सकाळी आली.